पाय थोरल्याचे, कान धाकट्याचे

४ जानेवारी

साडूबुवा, नमस्कार.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही सगळ्याला "हो हो" म्हणता आणि काहीच ऐकू आलेलं नव्हतं हे मागाहून धाकटीकडून कळतं. शिवाय आपल्या बायका सख्ख्या बहिणी, थोरली माझी नि धाकटी तुमची, त्यामुळे दोन्ही घरचे फोन दिवसभर त्यांच्याच ताब्यात. तेव्हा आपलं पोस्ट बरं.

आनंदाची बातमी अशी की माझे पाय बरे झाले. साखरेपायी गेली काही वर्षं तळव्यांची आग व्हायची, तुम्ही पाहिलंच आहे. पायाखाली कुणी निखारे सारल्यासारखं. पांघरूण पायाला लागलं तरी सहन व्हायचं नाही. डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या, सोडल्या, पुन्हा घेतल्या. शेवटी मीच माझा उपाय काढला. रोज सकाळी समोरच्या बागेत अनवाणी चालायचं, आधी गवतावरून, मग खडीवरून. हळूहळू आग गेली, मग मुंग्या गेल्या, आणि आता काही म्हणजे काही नाही. पाय आहेत हेसुद्धा कळत नाही. खडीवरून असा चालतो की बागेतली म्हातारी मंडळी माना वळवून बघतात.

ड्रायव्हिंग स्कूल ठीक चाललंय. एक कॅशियरबाई बरेच महिने शिकतायत. बँकेत त्यांची बोटं नोटांवरून भिरभिरत असतील, पण स्टिअरिंग हातात आलं की बाईंचा दगड होतो. मी शेजारी बसतो आणि माझ्या पायाशी शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक असतो, म्हणून तुम्ही आजवर धडधाकट आहात, असं मी त्यांना रोज ऐकवतो.

तुमच्या कानाच्या मशीनचं काय झालं? माणसाने आपलं दुखणं आधी मान्य करावं, मग उपाय आपोआप सुचतो. माझंच बघा.

खडीवरून चालणारा,
थोरला साडू


१५ जानेवारी

थोरले साडू यांस नमस्कार.

पत्र पोचलं. चुका लाल शाईने दुरुस्त करून सोबत परत पाठवतो आहे. स्टिअरिंग हा शब्द पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही तीन तऱ्हांनी गिरवून पाहिलेला दिसतो, त्यातली एक कायमची ठरवून टाका. उभं आयुष्य वर्तमानपत्रात मुद्रितं तपासण्यात गेलं, निवृत्त झालो तरी हाताला राहवत नाही.

पाय बरे झाले हे वाचून समाधान वाटलं. पण एक अर्धवट आठवतं. आमच्या आरोग्य पुरवणीत, मधुमेहाने पायांच्या नसा कशा जातात यावर एक लेख आला होता. आग होता होता थांबली तर त्याचा अर्थ काय, हे त्यात होतं. चांगला की वाईट, ते मात्र आठवत नाही. 'मज्जातंतू' सगळीकडे चुकवला होता, ते पक्कं लक्षात आहे. मी अक्षरं वाचायचो, मजकूर वाचायला संपादक होते.

माझ्या कानांना काही झालेलं नाही. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. मशीन हिच्या हट्टापायी घेतलं. लावलं की कुणीतरी डोक्यात भांडी घासतंय असं वाटतं. सध्या ते डबीत सुखरूप आहे.

अनवाणी चालू नका असं ताई, म्हणजे तुमच्या सौभाग्यवती, रोज सांगतात असं कळतं. त्यांनी ते हिला सांगितलं आणि हिने मला ओरडून सांगितलं. तुमच्या घरात तुमचं लक्ष नसतं एवढं यातून दिसतं.

आपला,
धाकटा साडू


२ मार्च

साडूबुवा,

एक गंमत झाली, पण ती तुमच्यामाझ्यातच राहू द्या. धाकटीला कळली की पाच मिनिटांत आमच्या स्वयंपाकघरात पोचलीच.

परवा ऑफिसच्या कपाटाची किल्ली हरवली. शिकाऊ लोकांची सगळी कागदपत्रं त्या कपाटात. टेबलाचे खण उपसले, गाडीतली मॅट झटकली, ऑफिस सांभाळणाऱ्या बाईंना नको ते बोललो. कॅशियरबाई म्हणाल्या, "सर, घरी राहिली असेल." मी म्हणालो, "मी वस्तू कुठेही टाकत नाही." शेवटी कुलूप फोडून घेतलं. दिवसभर शिकवण्या झाल्या, दोनदा बाजारात जाऊन आलो, संध्याकाळी घरी येऊन बूट काढला तर किल्ली टुणकन फरशीवर. दाराशी खुंटीवर किल्ल्या, खाली बूट. सकाळीच आत पडली असणार. मी दिवसभर तिच्यावर उभा होतो.

कळलं कसं नाही म्हणाल, तर नाही कळलं. मोजा काढला तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावर किल्लीचा छाप. दाता न् दाता उठलेला, त्यावरून दुसरी किल्ली करून घ्यावी इतका स्वच्छ. मध्ये थोडं फाटलं आहे. पण दुखत अजिबात नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही. पाय गरम पाण्यात घालून बसलो होतो. ही टॉवेल द्यायला आली, सहज बोट बुडवलं आणि केवढ्यांदा ओरडली. मी निवांत बसलो होतो. दमलोय म्हणून शेकतोय एवढंच तिला सांगितलंय. तळवा लाल झाला, एकदोन फोड आले. वर पट्टी लावली आहे.

आपला,
थोरला


१० मार्च

थोरले साडू,

पत्र दोनदा वाचलं. चुका फारशा नाहीत, पण मजकूर बरा नाही.

दुखत नाही म्हणून काळजी नाही, असं तुम्ही लिहिता. मला गाडीतलं ओ का ठो कळत नाही, तरी विचारतो. तेल संपल्याचा दिवा लागत नाही, याचा अर्थ तेल भरपूर आहे असाच होतो का? दिवाच गेलेला असला तर?

तुमच्या गावात फक्त पाय बघणारे एक डॉक्टर आहेत असं ऐकतो. त्यांना दाखवा. एकट्याने जायला कंटाळा येत असेल तर मी येतो. ऐकायला दुसरं माणूस असलेलं बरं.

आपला,
धाकटा


३० मार्च

साडूबुवा,

तुमच्या पत्राला उत्तर देणार नव्हतो. राग आला होता. आता उत्तर देतो, कारण गेल्या आठवड्यात काय झालं ते सांगायला दुसरं कुणी नाही.

कॅशियरबाई गाडी चालवत होत्या, मी शेजारी. दवाखान्याच्या वळणावर एक माणूस सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. सायकलच्या मागच्या बाजूला गादीची गुंडाळी बांधलेली, त्याला आम्ही दिसतच नव्हतो. बाई आरशात बघत बसलेल्या. मी ब्रेक दाबला. चांगला जोर लावून दाबला. गाडी चाललीच आहे. आणखी जोर लावला. मग खाली बघितलं. माझा पाय ब्रेकच्या शेजारी होता. मॅटवर. मी सगळी ताकद लावून मॅट दाबत होतो, आणि पायाने मला एका शब्दाने सांगितलं नाही.

ब्रेक बाईंनी मारला. त्यांनी, साडू. त्या सायकलवाल्याला गाडी लागता लागता राहिली, तो शिव्या देऊन निघून गेला. बाईंचा चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, "सर, तुम्ही का नाही दाबलात?"

मी म्हणालो, "तुमची परीक्षा घेत होतो."

आता त्या बँकेत सगळ्यांना सांगतायत की सरांनी जिवावर उदार होऊन माझ्यावर विश्वास टाकला. त्यांच्या ऑफिसातले दोघेजण शिकायला येऊ लागलेत. त्यांच्या शेजारी बसताना मला घाम फुटतो.

पायावरची पट्टी रोज ओली होते. तुम्ही या. डॉक्टरांची वेळ घेतो. घरी सांगा की माझी जुनी गाडी विकायला काढली आहे, ती बघायला निघालात.

थोरला


१८ एप्रिल

थोरले साडू,

सुखरूप पोचलो. गाडी पसंत पडली नाही असं हिला सांगितलं. मला गाडी चालवताच येत नाही हे तिच्या ध्यानात आलं नाही, नशीब.

तपासणी चालू असताना तुमचे डोळे मिटलेले होते आणि मलमपट्टीच्या वेळी तुम्ही आत होतात, म्हणून काय झालं ते नीट लिहून ठेवतो. डॉक्टरांच्या हातात नायलॉनचा एक दोरा होता. त्याचं टोक ते तळव्याला लावत होते आणि लागलं की "हो" म्हणा असं तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही मोठ्या आत्मविश्वासाने "हो" म्हणत होतात. बहुतेक वेळा दोरा तेव्हा हवेत होता. मग त्यांनी थरथरणारा एक लोखंडी चिमटा अंगठ्यावर ठेवला, तर तुम्ही विचारलंत, "सुरुवात कधी करणार?"

नंतर डॉक्टर बाहेर येऊन माझ्याशी बोलले. तोंडावर मास्क, डोक्यावर पंखा, पण मला काही अडचण आली नाही. ते हातवारे करून सांगतात, पद्धत फार चांगली आहे. आरसा धरून रोज तळवे बघायचे. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. पाण्यात पाय घालण्याआधी कोपर बुडवून बघायचं. आणि जखम भरेपर्यंत चालायचं. हे त्यांनी दोनदा सांगितलं, बोट वर करून, म्हणजे मुख्य औषध तेच असणार. मीही दोनदा "हो" म्हणालो. तुम्हाला तो जाड तळाचा मोठा बूट दिलाय, तोही त्यासाठीच.

शेवटी त्यांनी एक छापील पत्रक दिलं. पहिल्याच ओळीत 'मधुमेह' चुकलेला. मग मला राहवेना. बाकावर बसून शेवटच्या ओळीपर्यंत तपासलं, समासात दुरुस्त्या केल्या आणि पुढच्या छपाईसाठी काउंटरवरच्या बाईंकडे परत दिलं. त्यांनी आभार मानले. तुमच्यासाठी प्रत घ्यायची मात्र राहिली, पण वर लिहिलंय त्याहून निराळं त्यात काही नसणार.

तेव्हा आळस करू नका.

आपला,
धाकटा


८ मे

साडूबुवा,

हुकूम म्हणजे हुकूम. सकाळ-संध्याकाळ बागेला फेऱ्या घालतो, तो बूट घालून. चालताना लाकडी ठोकळा बांधल्यासारखं वाटतं, पण एक दिवस चुकवलेला नाही. आयुष्यात एवढं शहाण्यासारखं मी कुठल्याच डॉक्टरचं ऐकलेलं नाही.

टाचेचं हाड वाढलंय म्हणून बूट दिलाय, असं हिला सांगितलंय. ती म्हणते, लंगडता का? मी म्हणतो, दुखलं तर माणूस लंगडतो, मला कुठे दुखतंय? मलमपट्टी मी न्हाणीघरात कडी लावून करतो. चार दिवस ती म्हणते खोलीत वास येतोय. उंदीर मेला असेल म्हणून आम्ही दोघांनी मिळून कपाट हलवलं. उंदीर काही सापडला नाही.

अंगात थोडी कणकण आहे. उन्हाने असेल. डॉक्टरांनी पुन्हा कधी बोलावलंय ते तुम्ही लिहिलं नव्हतं, म्हणजे बोलावलं नसणार. त्यावरून सगळं ठीक चाललंय असं मी समजतो.

थोरला


१ जून

थोरले साडू,

ही तीन दिवस फोनला चिकटून रडत होती. मी विचारलं की हात हलवायची. काल शेवटी तिने पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून माझ्यासमोर धरलं. अंगठा काढला.

रात्री जेवलो नाही. मग राग आला, आणि तो मी लपवणार नाही. ताईंना डॉक्टर म्हणाले म्हणे, की सांगितलेलं यांनी अजिबात पाळलं नाही. मी एवढं सविस्तर लिहून कळवलं होतं, काय करायचं, कसं करायचं. आणि तुम्ही? खरं सांगा, रोज किती चालत होतात? मला तर वाटतं पत्रात लिहायचात त्याच्या निम्मंसुद्धा नाही. तुमचं ते एक दिवस न चुकवणं मला तेव्हाच पटलं नव्हतं.

तुम्ही जन्मभर शिकाऊ लोकांना सांगत आलात की शेजारी बसलेला सांगतो ते ऐका. न ऐकणं हा तुमचा मूळचा दोष आहे, साडू. वयाने मोठे आहात, तरी लिहितो.

हिला आज गाडीत बसवून दिलं. ती ताईंना सोबत म्हणून राहील. मी येत नाही. माझ्याने बघवणार नाही.

धाकटा


१६ जून

साडूबुवा,

पत्र दवाखान्यातच मिळालं. वाचताना मध्येच हसू फुटलं. नर्सला वाटलं ताप पुन्हा चढला, तिने येऊन कपाळाला हात लावला.

उंदीर सापडला, तो माझ्या पट्टीखाली होता. एका सकाळी मला दरदरून थंडी वाजली, न्हाणीघराचं दार हिने बाहेरून ठोकून ठोकून उघडायला लावलं आणि पाय बघून तिने टॉवेल त्याभोवती गुंडाळला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. जखम हाडापर्यंत गेली होती. अंगठा काढला म्हणून पाऊल राहिलं, असं इथले लोक म्हणतात. कापला तेव्हाही दुखलं नाही, हे सांगायची आता लाज वाटते.

पायांचे ते डॉक्टर धाकटी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आले, ते संतापलेलेच. ही आणि धाकटी दोघी पलंगाशी उभ्या होत्या. म्हणाले, "तुम्हाला चालायला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "कुणी नाही. माझंच डोकं."

"तुमच्याबरोबरच्या गृहस्थांना मी दोनदा बजावलं होतं. बोट हलवून. जखम भरेपर्यंत पाय टेकायचा नाही, चालायचं नाही. ते हो म्हणाले."

"त्यांनी मला सांगितलं होतं," मी म्हणालो, "मीच ऐकलं नाही."

धाकटीने तुमच्या वतीने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

तेव्हा तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मी ऐकलं नाही. बायकांपुरता विषय इथे संपला, आपणही संपवू. मनाला लावून घेऊ नका. इथलं जेवण अळणी आहे, पण खिडकीतून रस्ता दिसतो आणि लोकांच्या चुका मोजत वेळ बरा जातो.

थोरला


२८ जून

थोरले साडू,

तुमचं पत्र आलं तेव्हा सवयीने लाल पेन घेऊनच बसलो. पहिल्या वाचनात दोन चुका काढल्या. मग पेन मध्येच थांबलं. 'बोट हलवून' असं तुम्ही लिहिलं होतं. मी तुम्हाला 'बोट वर करून' असं लिहिलं होतं. बोट तेच. ते वर होतं आणि हलत होतं. मी निम्मंच बघितलं होतं.

ही परवा तुमच्याकडून परत आली. तिची बॅग दारात असतानाच मी तिला पंख्याखाली उभं केलं आणि म्हणालो, तोंडावर पदर धर आणि दोन वाक्यं म्हण, एक चालायचं आणि एक चालायचं नाही, कुठलं आधी ते तुझ्या मनाने. तिला वाटलं मला काहीतरी झालं. तरी म्हणाली.

मी म्हणालो, "दोन्ही वेळा तू एकच वाक्य म्हणालीस."

तिने पदर खाली घेतला. "नाही हो. दुसऱ्यांदा मी 'चालायचं नाही' म्हणाले."

मग मी तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, किंवा बोलली असेल. मग आत जाऊन डबी घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवली.

साडू, आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. आणि मला कित्येक वर्षं वाक्यांचे शेवट ऐकूच येत नाहीत. मशीन लावून बसलो तेव्हा मी तिला विचारलं, मी आजवर आणखी किती वेळा असं केलं? तिला आठवायला वेळ लागला नाही. स्वयंपाकघराला पिवळा रंग द्यायचा नाही, असं ती म्हणाली होती. आमचं स्वयंपाकघर पिवळं आहे. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही मुद्दाम करता." एवढी वर्षं ती त्या भिंतींकडे बघून रोज पोळ्या लाटत आली.

आणि ते पत्रक. अक्षर न् अक्षर मी वाचलं होतं. ते वाक्यही त्यात असणारच, आणि त्यातला एखादा अनुस्वार मी नीट करून दिला असणार.

तुम्ही माझ्यासाठी दोघींसमोर खोटं बोललात. मी आज सकाळी ताईंना फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. त्यांनी कबूल केलं तेव्हाच संशय आला. ते आपली चूक कधी कबूल करत नाहीत." हे मला स्पष्ट ऐकू आलं.

माफी कशी मागतात ते मला येत नाही. तुमचा अंगठा गेला आणि मी तुम्हाला फेऱ्या बुडवल्याबद्दल रागावलो.

धाकटा


९ जुलै

साडूबुवा,

थांबा. सगळं सामान एकट्याने उचलू नका, निम्मं माझं आहे.

भोक पडलेल्या पायाने चालू नये हे कळायला डॉक्टर लागत नाही. टायर पंक्चर असताना गाडी पळवू नये, हे मी शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी सांगतो. तुमचं एप्रिलचं पत्र आलं तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली होती. डॉक्टरांना एक फोन करता आला असता. मला तर नीट ऐकू येतं. पण मला घरात बसायचं नव्हतं, आणि कागदावर 'चालायचं' असं सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, एकही चूक नसलेलं. तुम्हाला शेवट ऐकू आला नाही. मला तो ऐकायचाच नव्हता. दोघांत जास्त बहिरं कोण ते तुम्ही ठरवा.

आता घरी आहे. सकाळी ही माझे पाय मांडीवर घेते, आरसा धरते, बोटांच्या मधली जागा कोरड्या फडक्याने पुसते आणि त्या वेळात मला जे ऐकवायचं ते ऐकवते. पाय तिच्या ताब्यात असल्यामुळे उठून जाता येत नाही. घरातसुद्धा चप्पल घालून फिरतो. अंगठ्याची जागा भरणारे बूट शिवायला टाकलेत. गाडीत शेजारी बसायला एक माणूस ठेवलाय. मी ऑफिसात बसून रस्त्यावरच्या खुणा शिकवतो, त्यासाठी पाय लागत नाहीत.

कॅशियरबाई पास झाल्या. पेढे नकोत म्हणून फुलं घेऊन आल्या. मी म्हटलं, यांच्याशी तरी खरं बोलावं, आणि ब्रेकचं सांगून टाकलं. मी परीक्षा वगैरे घेत नव्हतो, माझा पाय मॅटवर होता.

त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे, सर. मी बघितला होता."

"मग बँकेत सगळ्यांना ते विश्वासाचं का सांगितलंत?"

"तुमचं स्कूल बंद पडलं असतं तर मला दुसऱ्या कुणी शिकवलं असतं का?"

आता तुम्हाला ऐकू येतं म्हणे. पत्र मिळालं की येणाऱ्या रविवारी फोन करा. बघू या कसं काय वाटतं.

थोरला


रविवार, २१ जुलै

साडूबुवा,

आत्ताच तुमचा फोन झाला. मी विचारलं, कसे आहात. तुम्ही म्हणालात, मजेत. तुम्ही विचारलंत, पाय कसा आहे. मी म्हणालो, उत्तम. मग तुमच्याकडच्या पावसाबद्दल बोललो, आमच्याकडच्या पावसाबद्दल बोललो आणि विषय संपले. आमचा पंखा फिरताना तुम्हाला तिथे ऐकू येतोय असं तुम्ही म्हणालात, म्हणजे मशीन चांगलंच असणार. फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "एवढ्या वर्षांचे साडू आणि एवढंच बोलणं?" म्हणून लगेच लिहायला बसलो.

डाव्या टाचेला भेग पडली आहे. आज सकाळी आरशात दिसली, नखाएवढी. दुखत नाही. म्हणूनच तुम्हाला फोनवर उत्तम म्हणालो, आणि म्हणून झाल्यावर हिच्याकडे बघवेना. तिने डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मंगळवारी सकाळची. तोवर पाय खाली टेकवत नाही, पलंगावर बसून लिहितोय, अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे.

तुम्ही या. ही येणार आहेच, पण तुम्हीही हवेत. डॉक्टर मास्क लावून बोलतात आणि वर पंखा असतो, त्यांचं बोलणं ऐकायला माणूस पाहिजे. मी या वेळी आतून कान देऊन बसेन. तुम्ही बाहेर त्यांना पुन्हा विचारा, तिसऱ्यांदा विचारा, चिडले तरी विचारा. आणि तुमचं ते मजेत म्हणजे नक्की काय, तेही आल्यावर सांगा. तुमचा आवाज काही मजेतला नव्हता.

पत्र मंगळवारच्या आत पोचणार नाही हे मला कळतं. म्हणून आधी हिला धाकटीला फोन करायला लावला आणि भेगेचं आणि मंगळवारचं सगळं सांगायला लावलं, मी शेजारी बसून. बायकांना तुमच्याआधी कळवायची माझी ही पहिलीच वेळ. वाटलं होतं तितकं दुखलं नाही.

थोरला